साळूच्या मागे चालणारी माणसं

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा कोणता राजा राज्य करत होता हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी ऐकावी. आणि ज्यांच्या घरात कोणी मनाने आजारी असेल, त्यांनी जरा पाठ टेकून, पाय पसरून ऐकावी.

एका उंच डोंगराभोवती सात गावं होती. त्यातल्या एका गावात बहिरू नावाचा बुरूड राहायचा. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढायच्या आणि सुपं, टोपल्या, तांदूळ धुवायच्या रोवळ्या विणायच्या, हे त्याचं काम. त्याची बायको साळू. तिचा हात त्याच्याहून बारीक. साळूच्या रोवळीतून तांदळाचा कण खाली पडत नसे. हसायची तर इतकं मोठ्याने, की शेजारच्या कोंडामावशीच्या घाण्यावरचा बैल मान वर करून बघायचा.

एका वर्षी साळूची झोप गेली. मग भूक गेली. मग एके सकाळी हातातली कामटी खाली ठेवून ती म्हणाली, "मला कोणीतरी हाक मारतंय. डोंगराच्या पलीकडून."

बहिरूने कान देऊन ऐकलं. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"कोणी नाही गं," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही ऐकू येत. मला येतंय," साळू म्हणाली आणि उठून चालायला लागली.

त्या दिवसापासून ती रोज चालू लागली. सूर्य उगवला की निघायची. पायात वहाण नसायची, डोक्यावर पदर नसायचा. काटा दिसायचा नाही, दरी दिसायची नाही. अंधार पडू लागला की हाक थांबायची. मग ती आपोआप घराकडे वळायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची.

बहिरूने सगळं करून पाहिलं. गंडे बांधले, अंगारा लावला. देवऋष्याने मिरच्यांची धुरी दिली; साळू दोन दिवस खोकत राहिली, पण हाक काही थांबली नाही. लोकांनी सांगितलं म्हणून एकदा त्याने दाराला बाहेरून कडी घातली. संध्याकाळी दार उघडलं, तेव्हा फळीवर ओरखडे होते आणि साळूची नखं रक्ताने भरली होती. बहिरूने ती कडी उपटली आणि ओढ्यात फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी साळू निघाली, तसा तोही तिच्या मागे निघाला.

हात धरला तर ती किंचाळायची. पुढे गेलं तर घाबरायची. बरोबर चाललं तर पळायला लागायची. पण दहा पावलं मागे राहिलं तर तिला चालायचं. म्हणून बहिरू दहा पावलं मागे चालायला लागला. एका खांद्यावर पाण्याची कातडी पिशवी, दुसऱ्या खांद्यावर भाकरीचं फडकं, काखेत साळूच्या वहाणा, आणि हातात कामट्या. चालता चालता तो परड्या विणायचा. पोट तर भरायला हवं होतं.

अशी दोन वर्षं गेली. ऊन, पाऊस, धुकं, पुन्हा ऊन. विचार करा, दोन वर्षं!

सुरुवातीला लोक हळहळले. मग त्यांना सवय झाली. मग ते हसायला लागले. पारावर बसलेले पुरुष ओरडायचे, "बहिरू, आज कुठपर्यंत वरात?" सगळ्यात मोठ्याने हसायचा तो गावचा पाटील. बहिरूच्या सख्ख्या भावाने लेकीच्या लग्नाला त्याला बोलावलं नाही. "तिथे साळूने काही केलं म्हणजे?" एवढंच म्हणाला.

एकटी कोंडामावशी एकदा दारात येऊन म्हणाली होती, "बहिरू, मी जरा बघू का तिच्याकडे? तू घटकाभर पड."

"नको मावशी. आमचं आम्ही बघू," बहिरू म्हणाला.

मावशी परत गेली. खरं सांगायचं तर तिला जरा हायसंच वाटलं. साळूच्या डोळ्यांची तिला भीती वाटायची.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बहिरूला ताप आला. अंगात कणकण घेऊन तो चालत राहिला. दुपारी दोघं कड्यावरच्या वाटेवर आली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल दरी. साळूने वाट सोडली आणि ती सरळ कड्याच्या टोकाकडे चालू लागली.

एरवी असं झालं की बहिरू वळसा घालून टोकापाशी जायचा, तिथे बसायचा आणि हळू आवाजात काहीबाही बोलत राहायचा. मग साळू दिशा बदलायची. त्या दिवशी तो गेला नाही. जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या मनात आलं, जाऊ दे.

एक श्वास. दोन श्वास. तीन.

तेवढ्यात साळूच्या पायाजवळून एक टिटवी ओरडत उडाली. साळू दचकली आणि मागे वळली. वळून वाटेला लागली आणि खिंडीच्या दिशेने चालू लागली, जणू काही घडलंच नव्हतं.

बहिरू तिच्या मागे निघाला. आपण काय केलं हे त्याला कळलं होतं.

खिंडीत एक झरा होता. झऱ्यापाशी एक फार म्हातारी बाई झोपडी बांधून राहायची. तिला सगळे खिंडीतली आजी म्हणत. तरुणपणी ती राजवाड्यात वैद्य होती. ती आत आली की खुद्द राजा उठून उभा राहायचा, असं लोक सांगत. आता ती डोंगरावर झाडपाला गोळा करायची आणि जो येईल त्याला औषध द्यायची.

साळू झऱ्यापाशी आली आणि कधी नव्हे ती खाली बसली. पाण्यात हात घालून बघत राहिली. बहिरू दहा पावलं मागे थांबला आणि मटकन खाली बसला.

आजी बाहेर आली. तिने आधी साळूकडे बघितलं, बराच वेळ. मग ती बहिरूजवळ येऊन बसली.

"नाव काय?"

"साळू," बहिरू म्हणाला. "दोन वर्षांपासून तिला हाका ऐकू येतात. जेवत नाही, झोपत..."

"तुझं नाव विचारलं मी."

आपलं नाव शेवटचं कोणी विचारलं होतं, ते बहिरूला आठवेना.

"बहिरू."

आजीने त्याचं मनगट हातात घेतलं.

"आजी, आजारी ती आहे."

"ते मला दिसतंय. तिला मी बघणारच आहे. आधी तुला बघते." आजीने डोळे मिटून नाडी पाहिली. "ताप आहे. आणि तापाखाली आणखी काहीतरी आहे. बोल."

मग बहिरू बोलला. दोन वर्षांचं सगळं बोलला. शेवटी कड्यावरचं सांगायची वेळ आली, तेव्हा त्याने मान खाली घातली.

"आज मी तिला जाऊ देणार होतो, आजी. उभा राहिलो नुसता. टिटवी उडाली नसती तर... मी माणूस नाही. राक्षस आहे."

आजी काठीचा आधार घेऊन उठली. मग वाकली, आणि जिच्यासमोर राजे उभे राहत त्या बाईने धुळीत बसलेल्या बहिरूच्या भेगाळलेल्या पावलांना हात लावून तो कपाळाला लावला.

बहिरू दचकून मागे सरकला. "आजी! हे काय करता?"

"साठ वर्षं वैद्यकी केली मी," आजी म्हणाली. "रणातून परत आलेले योद्धे बघितले, उपास करून वाळलेले साधू बघितले. पण कोणी बघत नसताना, कोणी शाबासकी देत नसताना, दोन वर्षं रोज दुसऱ्याच्या मागे चालणारा माणूस आज पहिल्यांदा बघते आहे. तीन श्वास थांबलास ना? थकलेला माणूस थांबतो. तू राक्षस नाहीस. तू एकटा आहेस, एवढंच."

बहिरूने चेहरा ओंजळीत लपवला आणि तो ढसाढसा रडला. साळूने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा पाण्याकडे बघितलं.

आजीने झोपडीतून मुळ्या आणल्या आणि दगडावर उगाळल्या.

"हे तिला रोज द्यायचं. झोप येईल, मन हळूहळू शांत होईल. पण घाई करू नकोस. कदाचित हाक पुरती थांबणार नाही, लांबून येत राहील. तिला बरं करणं तुझ्या हातात नाही. तिला सांभाळणं आहे. पण तेही एकट्याच्या हातात नाही. तू झोपलास तर तिच्या मागे कोण चालेल?"

"कोणी नाही."

"कोणाला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"लाज वाटते."

"मग तुझं औषध हेच," आजी म्हणाली. "विचार. तोंड उघडून विचार. चालण्यापेक्षा कठीण आहे ते, माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू निघाली ती पाराच्या वाटेने, आणि तिच्या मागे बहिरू पारापाशी आला. आजीही काठी टेकत खाली उतरून आली होती. बाजाराचा दिवस होता. सातही गावांची माणसं जमली होती. साळू पिंपळाखाली उभी राहून डोंगराकडे बघत होती. कोणीतरी हसलं.

हातातली परडी बहिरूने इतकी घट्ट धरली, की तिची एक कामटी मोडली.

"मला मदत पाहिजे," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने.

"माझी बायको आजारी आहे. तिचं मन आजारी आहे. दोन वर्षं मी तिच्या मागे चालतो आहे. आता माझ्याने होत नाही. मला झोप पाहिजे. माझ्या जागी एक दिवस कोणी चालाल का?"

कोणी पायाकडे बघू लागलं, कोणी मिरच्यांच्या ढिगाकडे.

मग कोंडामावशी पुढे आली. "मी चालेन. पण मला तिची भीती वाटते, बहिरू. काय करायचं ते सांग मला."

बहिरूने तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"भिऊ नकोस. ती कोणाला काही करत नाही," तो म्हणाला. "दहा पावलं मागे राहायचं. हाक मारायची नाही. ती थांबली तर थांबायचं, बसली तर बसायचं. पाणी तिच्या हातात द्यायचं नाही. तिला दिसेल असं ठेवायचं आणि मागे सरायचं. ती बोलली तर ऐकायचं. 'कोणी हाक मारत नाही' असं म्हणायचं नाही, आणि 'मलाही ऐकू येते' असं खोटंही बोलायचं नाही. कड्यापाशी गेली तर वळसा घालून आधी तिथे जाऊन बसायचं आणि हळू बोलत राहायचं. एवढंच."

"एवढंच?" मावशी म्हणाली. "हे तर मला जमेल."

तेवढ्यात गर्दीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाटलाच्या हातातली काठी खाली पडली होती. सगळ्यात मोठ्याने हसणारा पाटील पांढराफटक पडला होता.

"माझा भाऊ," तो म्हणाला. "नागोजी."

"तो तर तीर्थाला गेला आणि तिकडेच राहिला ना?" कोणीतरी विचारलं.

"कुठेही गेला नाही. माझ्या घराच्या मागच्या खोलीत आहे. नऊ वर्षं. मी आणि माझी बायको, दोघंच जाणतो. त्याचंही मन आजारी आहे. लोक हसतील म्हणून लपवलं."

कोणीही हसलं नाही. आजी पाटलाजवळ गेली आणि तिने त्याचंही मनगट हातात घेतलं.

इकडे साळू चालायला लागली होती. कोंडामावशीने पदर खोचला, पाण्याची पिशवी खांद्याला अडकवली, आजीचं औषध कनवटीला बांधलं आणि दहा पावलं मोजून ती मागे निघाली.

बहिरू घरी आला आणि जमिनीवर आडवा झाला. झोप लागणार नाही असं त्याला वाटलं होतं. तो झोपला तो थेट दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर उठला.

दारात कोंडामावशी पायांना तेल चोळत बसली होती. बाजूची जागा रिकामी होती.

"मावशी! साळू कुठे आहे?"

"काल ती घराकडे वळलीच नाही रे. नदीच्या दिशेने गेली. माझे गुडघे राहिले. पण मी तिला एकटी सोडली नाही. माळावर एक धनगर होता, त्याला सगळं नीट समजावलं, औषध दिलं आणि मगच परत आले."

बहिरू पुढचं ऐकायला थांबला नाही. तो धावत सुटला.

माळावर धनगर भेटला. अनोळखी, उंच, राकट माणूस. बहिरूने धापा टाकत विचारलं, "इथून एक बाई गेली का?"

"तू तिचा कोण?"

"नवरा."

"मग नीट ऐक," धनगर बोट वर करून म्हणाला. "तिच्या मागे जायचं तर दहा पावलं मागे राहायचं. हाक मारायची नाही. ती थांबली तर थांबायचं. पाणी हातात द्यायचं नाही. कळलं?"

बहिरू त्याच्याकडे बघतच राहिला. त्याचेच शब्द एक परका माणूस त्यालाच बजावून सांगत होता.

"मी नदीपर्यंत गेलो होतो," धनगर म्हणाला. "पुढे नावाड्याला सांगितलंय."

नावाड्याने सांगितलं, "नावेत बसली. मी एक शब्द बोललो नाही. पलीकडे गवत कापणाऱ्या बाया होत्या, त्यांच्या स्वाधीन केलं. रात्री त्यांच्या गावात ओसरीवर झोपली म्हणे. दोघी जणी आळीपाळीने जाग्या होत्या."

"झोपली?" बहिरूने विचारलं.

"हो. कोंडामावशीने पाठवलेलं औषध दिलं होतं ना त्यांनी."

पलीकडच्या गावात बहिरूला एक गवत कापणारी बाई भेटली. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "तिला काटा बोचलेला कळत नाही. तेव्हा आमच्यातल्या दोघी सकाळीच लांब पुढे गेल्या आणि वाटेवरचे काटे उचलत गेल्या. हे तुम्ही सांगितलं नव्हतं. पण आम्हाला सुचलं."

बहिरू टेकडी चढला. माथ्यावर पोहोचला आणि थबकला.

खाली अफाट पसरलेलं खोरं होतं. उन्हात पिवळी शेतं चमकत होती. त्या शेतांमधून एक ठिपका चालला होता. साळू. तिच्या मागे, दहा पावलांवर, कोणी एक म्हातारा. शेताचा बांध आला तसा म्हातारा थांबला आणि बांधापलीकडून एक तरुण बाई उठून त्याच्या जागी चालू लागली. पुढे, फार पुढे, दोन माणसं वाकून वाट झाडत होती. झाडाखाली कोणीतरी पाण्याचं गाडगं ठेवलं आणि मागे सरकलं. शेतात कामाला वाकलेली माणसं साळू जवळून गेली की कणा सरळ करून उभी राहत, शेवटपर्यंत तिच्याकडे बघत आणि मगच पुन्हा कामाला लागत. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. इतक्या मोठ्या खोऱ्यात फक्त वाऱ्याचा आवाज होता.

बहिरू गुडघ्यांवर बसला. दोन वर्षं तो फक्त साळूच्या टाचांकडे बघत चालला होता. आज पहिल्यांदाच त्याला दिसलं, की आपण ज्या जगातून चाललो होतो ते किती मोठं होतं आणि त्यात किती माणसं होती. ती सगळी आधीपासून तिथेच होती. त्याने हात जोडले. कोणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी साळू एका आंब्याखाली बसली. बहिरू तिथे पोहोचला आणि सवयीने दहा पावलांवर थांबला. साळूने मान वर केली. फार दिवसांनी तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"पायांचा आवाज बदलला होता," ती म्हणाली. "आधी हलकी पावलं. मग जड. मग बांगड्यांची. मी ऐकत होते."

"भीती वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. मग कळलं, की तुम्ही झोपला असाल. बरं झालं. फार थकला होता तुम्ही. मला दिसत होतं. सांगता येत नव्हतं."

साळूने बाजूची पानं हाताने सारली आणि तिथे जागा केली. तो जवळ जाऊन बसला. ती ओरडली नाही.

साळू एका दिवसात बरी झाली असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. आजी दर पंधरवड्याला डोंगर उतरून यायची आणि औषध बदलून द्यायची. काही महिने साळू विणकामाला बसायची, हसायचीही. काही महिने हाक पुन्हा जवळ यायची आणि ती चालायला लागायची. पण आता वाटेवर माणसं असायची. ज्या दिवशी बहिरूची पाळी नसे, त्या दिवशी तो पोटभर जेवायचा, झोपायचा, भावाकडे जाऊन यायचा. आपण होऊन भाऊच त्याला बोलवायला आला होता.

आणि रोज संध्याकाळी घटकाभर बहिरू पाटलाच्या घरी जायचा. मागच्या खोलीचं दार आता उघडं असायचं. नागोजी उंबऱ्यावर बसून ऊन अंगावर घ्यायचा. बहिरू त्याच्यापाशी बसायचा आणि पाटलाला म्हणायचा, "तुम्ही या जरा फिरून. मी आहे इथे." पाटील आणि पाटलीण नदीपर्यंत फिरायला जायची, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, दोघं मिळून.

त्या सात गावांत पुढे एक रीत पडली. कोणाच्या घरी मनाचं दुखणं आलं की लोक दाराशी जायचे आणि आजारी माणसाची चौकशी करायचे. मग जो त्याला सांभाळत असेल त्याच्याकडे वळून विचारायचे, "आणि तू कसा आहेस? आज तू झोप. काय करायचं ते आम्हाला सांग."

बोध एवढाच: आजारी माणसाला जो सांभाळतो, त्यालाही कोणीतरी सांभाळावं लागतं, त्याने मदत मागायला लाजू नये आणि आपण त्याच्या मागण्याची वाट बघू नये.